स्पॅनिश क्रियापदाला 'मे-ते-से' चिकटलं की अर्थ का बदलतो?

अनघड

मंडळी, इथे स्पॅनिश येणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. सध्या देलेच्या (स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा) बी१ पातळीची तयारी चालू आहे. काळ, पुरुष, अनियमित रूपं हे सगळं पाठांतरानं निभावतं. गाडी अडते ती एकाच ठिकाणी, क्रियापदाच्या मागेपुढे येणाऱ्या मे (मला), ते (तुला), से, नोस (आम्हाला) या सर्वनामांपाशी.

क्लासमध्ये सुरुवातीलाच सांगतात की 'से' म्हणजे 'स्वतःला'. लाबार म्हणजे धुणे, लाबारसे म्हणजे स्वतःचं अंग धुणे. लेबान्तार म्हणजे उचलणे, लेबान्तारसे म्हणजे उठणे. इथवर ठीक. पण मग पुढचं बघा:

इर जाणे. इरसे?
दोरमिर झोपणे. दोरमिरसे?
कोमेर खाणे. कोमेरसे? स्वतःला खाणे तर नक्कीच नाही.
आकोरदार म्हणजे आपसात ठरवणे, आणि आकोरदारसे म्हणजे एकदम 'आठवणे'.
पारेसेर म्हणजे भासणे, पारेसेरसे म्हणजे कुणासारखं दिसणे.

यामागे काही एक सूत्र आहे, की प्रत्येक शब्द वेगळा घोकायचा? आणि दुसरं म्हणजे 'दामेलो', 'दिसिएन्दोमेलो' असले जोडशब्द कोणी भराभर बोललं की कुठे काय संपलं ते कानाला कळत नाही. तुम्ही हे कसं सोडवलंत?

ह्यूस्टनकर

वेगळी क्रियापदं समजून पाठ करा. आमच्या ऑफिसात निम्मे लोक मेक्सिकोचे आहेत, त्यांना विचारलं तर तेही सूत्र सांगू शकत नाहीत. ऐकून ऐकून बसतं.

चिऊताई

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझाही हाच प्रश्न आहे.

लेखणीबाई

अनघड, सूत्र आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच भाषेत आहे. 'स्वतःला' हा अर्थ धरून बसलात तर पुढे वाट सापडत नाही, कारण तो 'से'च्या अनेक कामांपैकी फक्त एक आहे.

मराठीत आपण बऱ्याचदा क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो. खाल्लं आणि खाऊन टाकलं, गेला आणि निघून गेला, झोपला आणि झोपून गेला, वाचलं आणि वाचून काढलं. दुसरं क्रियापद नवीन कृती सांगत नाही. ती कृती तडीस गेली, अवस्था पालटली, किंवा करणारा तिच्यात पुरता गुंतला, एवढंच सांगतं. स्पॅनिशमध्ये हे काम बऱ्याचदा 'से' करतो.

फ्वे आ पुणे : तो पुण्याला गेला. (कुठे गेला ते महत्त्वाचं)
से फ्वे : तो निघून गेला. (इथून गेला हे महत्त्वाचं)

दुर्मियो ओचो ओरास : आठ तास झोपला.
से दुर्मियो : त्याला झोप लागली, झोपून गेला.

कोमी पिझ्झा : पिझ्झा खाल्ला. किती ते माहीत नाही.
मे कोमी ला पिझ्झा : तो पिझ्झा खाऊन टाकला, संपला.

शेवटच्या जोडीत एक बारीक गोष्ट बघा. 'मे कोमी' म्हटलं की पुढे काय आणि किती ते ठरलेलं लागतं: तो पिझ्झा, दोन सफरचंदं, सगळा भात. नुसतं 'मे कोमी पिझ्झा' स्पॅनिश माणसाच्या कानाला खटकतं. हेच बेबेरसे (पिऊन टाकणे), लेएरसे (वाचून काढणे), आप्रेन्देरसे (पाठ करून टाकणे) यांना लागू. मी शिकवताना मुलांना आधी मराठी वाक्य 'टाकणे, जाणे, काढणे' लावून म्हणायला लावते आणि मग स्पॅनिशकडे वळवते. फरक लगेच कळतो.

चिऊताई

लेखणीबाई, हे फारच छान! म्हणजे 'मे बोय' म्हणजे 'निघतो'. आमच्या मॅडम 'या बोय' आणि 'या मे बोय' यात कायम गोंधळ होतो म्हणतात, त्याचं काय?

लेखणीबाई

@चिऊताई, 'या बोय' म्हणजे आपलं 'आलो, आलो!' आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली की मुलगा हेच ओरडतो. शब्दशः तो 'जातो' म्हणतोय, कारण स्पॅनिशमध्ये 'येणे' हे बोलणारा उभा आहे त्या जागेकडेच होतं. 'या मे बोय' म्हणजे निरोप घेताना म्हणायचं. तिथे आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. म्हणजे दोन्हीकडे आपलं बरोबर उलट. मराठी माणसाला हे वेगळं घोटावंच लागतं.

फळा_खडू

मी नागपुरात एका संस्थेत स्पॅनिश शिकवतो. लेखणीबाईंची युक्ती चांगली आहे, पण ती सगळीकडे लावू नका, हे कळकळीनं सांगतो.

'पत्र लिहून टाकलं' हे तुमच्या युक्तीनं 'मे एस्क्रिबी ला कार्ता' होईल, आणि त्याचा अर्थ 'मी स्वतःलाच पत्र लिहिलं' असा जाईल. खाणं-पिणं-वाचणं-शिकणं अशा, वस्तू 'आत घेण्याच्या' क्रियांना ते चालतं. वस्तू बाहेर देण्याच्या क्रियांना चालत नाही. तसंच रेइर आणि रेइरसे, दोन्हींचा अर्थ हसणेच, आणि तिथे मराठीत जोड सापडत नाही. रोजच्या बोलण्यात रेइरसे जास्त, एवढंच.

शिवाय काही क्रियापदं 'से'शिवाय राहतच नाहीत: केहारसे (तक्रार करणे), आत्रेबेरसे (धजणे), आर्रेपेन्तिरसे (पस्तावणे). तिथे 'से' काय करतोय असं विचारण्यात अर्थ नाही.

आणि काही जोड्या खरोखर घोकायच्याच. मी फळ्यावर कायम हे लिहितो:

मे देस्पेदी : मी निरोप घेतला.
मे देस्पिदिएरोन : मला कामावरून काढलं.

मुलाखतीत आधीच्या नोकरीबद्दल बोलताना यातलं कुठलं वाक्य तोंडून गेलं, त्यावर पुढचे प्रश्न ठरतात. प्रोबार (चाखणे, करून बघणे) आणि प्रोबारसे (कपडे घालून बघणे), नेगार (नाकारणे) आणि नेगारसे (एखादी गोष्ट करायला साफ नकार देणे) याही जोड्या घ्या. ह्यूस्टनकर म्हणतात तसं इथे पाठांतराला पर्याय नाही.

ह्यूस्टनकर

+१ गुरुजी.

लेखणीबाई

@फळा_खडू, पत्राचं उदाहरण मान्य. 'आत घेणे' हा निकष मी माझ्या टिपणात लिहून घेतला. पण 'से शिवाय राहत नाहीत' त्या यादीतही एक धागा दिसतो. तक्रार, धाडस, पस्तावा, सगळ्या मनात घडणाऱ्या गोष्टी. आलेग्रारसे (आनंद होणे), एनोहारसे (राग येणे), आबुर्रिरसे (कंटाळणे) बघा. आलेग्रार म्हणजे दुसऱ्याला आनंद देणे आणि आलेग्रारसे म्हणजे आपल्याला होणे. आपल्याकडे 'रागावणे' असं थेट म्हणता येतं, पण 'राग येणे', 'कंटाळा येणे' हेच जास्त सहज.

मावळतीचा_वारा

माझं आवडतं वाक्य कोणीच आणलं नाही अजून!

से मे कायो एल बासो.

ग्लास पडला, पण 'से' आणि 'मे' दोन्ही आलेत. इंग्रजीतून शिकणारे इथे हैराण होतात, कारण त्यांना 'मी ग्लास पाडला' असं सांगायची सवय. मराठी माणूस मात्र सहज म्हणतो, 'माझ्या हातून ग्लास पडला.' पडणारा ग्लास, मी फक्त ज्याच्या हातून पडला तो. क्रियापद ग्लासाप्रमाणे चालतं, चार ग्लास पडले तर 'से मे कायेरोन'.

याच साच्यात:
से मे ओल्बिदो : मला विसर पडला.
से मे रोम्पियो : माझ्याकडून तुटलं.
से मे ओकुर्रियो उना इदेआ : मला एक कल्पना सुचली.

शेवटचं तर हुबेहूब. आपलं 'सुचणे' स्पॅनिशमध्ये आयतं बसलंय.

सोलापुरी_चटणी

मंजे कायबी फुटलं तर माझी चूक नाही असं सांगायची सोय व्याकरणातच दिलीया. मला ही भाषा शिकायचीच आता. 😀

मावळतीचा_वारा

@सोलापुरी_चटणी 😀 सोय आहे, पण मुद्दाम आपटलं असेल तर 'रोम्पी एल बासो' असंच म्हणावं लागतं. नाहीतर समोरचा विश्वास ठेवत नाही.

चिऊताई

मला 'मे गुस्ता'ही याच कारणानं सोपं गेलं. मला आवडतो, मे गुस्ता. माझं डोकं दुखतंय, मे द्वेले ला काबेसा. वर्गात सगळे इंग्रजीतून भाषांतर करत बसतात, मी सरळ मराठीतून केलं.

पणजीचा_पाव

गोव्यातून थोडी भर. आमच्याकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य, त्यामुळे आजीच्या पिढीची शाळा पोर्तुगीजमधून झाली. पोर्तुगीजमध्ये हेच सगळं आहे, फक्त चिकटण्याची जागा वेगळी. स्पॅनिश दुकानावर 'से बेन्दे' लिहितात (विकणे आहे), पोर्तुगीज पाटीवर 'वेंदे-से'. 'माझं नाव अमुक' म्हणायला पोर्तुगालमध्ये 'शामो-मे', ब्राझीलमध्ये बोलताना 'मे शामो'.

आणि एक गंमत फक्त पोर्तुगीजची. भविष्यकाळात सर्वनाम क्रियापदाच्या पोटात शिरतं: 'दार-ते-एइ', म्हणजे 'तुला देईन'. आता हे फक्त लिखाणात आणि फार औपचारिक बोलण्यात उरलंय.

तुमच्या 'से'चं आणखी एक काम या पाटीतच दिसतं. से बेन्दे, से आब्ला एस्पान्योल (इथे स्पॅनिश बोलतात), से दिसे के... (असं म्हणतात की...). करणारा कोण ते सांगायचंच नाही. इथे 'स्वतःला' लावलं तर घर स्वतःलाच विकतंय असा अर्थ होईल.

उल्हासनगरी

अवांतर, पण राहवत नाही. आम्ही घरी सिंधी बोलतो. आमच्याकडे सर्वनामं क्रियापदाला अशीच चिकटतात, आणि तीही दोन दोन. 'चयोमांस' हा एक शब्द: चयो म्हणजे म्हटलं, मां म्हणजे मी, स म्हणजे त्याला. 'मी त्याला म्हटलं' हे सगळं एका दमात. त्यामुळे 'दामेलो' (दे-मला-ते) पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते घरचंच वाटलं.

लेखणीबाई

@उल्हासनगरी, अवांतर कसलं, नेमकं हेच हवं होतं! मराठीतही याचा एक अंश उरलाय. 'तू पोळी खाल्लीस' मधला 'स' बघा. 'खाल्ली' पोळीप्रमाणे आणि 'स' तुझा. एकाच शब्दात कर्म आणि कर्ता दोघांची खूण. सिंधीत ते सगळ्या पुरुषांना पसरलं, आपल्याकडे आज 'तू'पाशी ठळक दिसतं.

अनघड

सगळ्यांचे आभार, धागा छान चाललाय. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. चिकटतं कधी, आणि पुढे येतं कधी? आणि 'त्याला ते' म्हणताना 'ले' (त्याला) 'लो' (ते) का होत नाही, 'से लो' का होतं?

फळा_खडू

चिकटण्याचा नियम सोपा आहे, त्याला अपवाद नाहीत म्हटलं तरी चालेल.

रूप चालवलेलं असेल (मी देतो, त्यानं दिलं) तर सर्वनाम आधी आणि सुटं: मे लो दा.
आज्ञा असेल तर मागे आणि चिकटून: दामेलो.
आज्ञा नकारार्थी झाली की पुन्हा आधी: नो मे लो देस.
मूळ रूप (देणे) किंवा 'देत-देत' अशा अर्थाचं रूप असेल तर मागे चिकटून: दारमेलो, दान्दोमेलो.
सहायक क्रियापद असेल तर दोन्ही चालतात: किएरो बेरलो किंवा लो किएरो बेर. अर्थ एकच. मध्येच सोडायचं नाही, एवढं सांभाळा.

चिकटल्यावर लिहिताना डोक्यावर तिरकी रेघ येते ती आघातासाठी. 'दा'वरचा जोर दोन अक्षरं जोडल्यावरही 'दा'वरच राहतो, हे रेघ सांगते. अनघड, ऐकताना याचाच आधार घ्या. ज्या अक्षरावर जोर पडला ते क्रियापद, त्याच्या नंतर घरंगळत येणारं मे-लो, ते-ला, से-लो हे सर्वनाम. दि-सि-एन्-दोमेलो मध्ये 'एन'वर जोर आहे, म्हणजे 'दो' नंतरचं सगळं शेपूट.

मावळतीचा_वारा

'से लो'चा इतिहास मी सांगतो. लॅटिनमधल्या 'त्याला ते' या दोन सर्वनामांचं जुन्या स्पॅनिशमध्ये 'गे लो' झालं. लिहायचे 'गे', उच्चार 'झे'च्या जवळचा. मिओ सिदच्या मध्ययुगीन काव्यात 'गेलो' असंच सापडतं. पुढे उच्चार बदलत गेले आणि हा 'झे' आधीपासून असलेल्या 'से'त मिसळून गेला. म्हणजे 'से लो दिहे' (मी त्याला ते सांगितलं) मधला 'से' हा 'स्वतः'वाला 'से' नाहीच, तो 'ले' आहे. दिसायला एक, कूळ वेगळं.

जुन्या भाषेत चालवलेल्या क्रियापदालाही सर्वनाम मागे चिकटायचं. गोष्टीची सुरुवात आजही 'एरासे उना बेस' अशीच होते, म्हणजे आपलं 'एक आटपाट नगर होतं'. तिथे ते जुनं चिकटणं जपून राहिलंय.

चिऊताई

'से लो दिहे' म्हणजे नक्की कुणाला सांगितलं? तिला, त्याला, त्यांना, की तुम्हाला?

मावळतीचा_वारा

चारही. म्हणून मागे 'आ एया' (तिला), 'आ उस्तेद' (तुम्हाला) जोडतात. हे दोनदा सांगणं चूक नाही, स्पॅनिशची रीतच आहे. 'ले दिहे आ मी मादरे', म्हणजे 'तिला सांगितलं, आईला'.

दक्षिणायन

ब्वेनोस आयरेसहून. पुस्तकातलं 'सिएन्ताते' (बस) इथे ऐकू येणार नाही. इथे 'तू'ऐवजी 'बोस', आणि 'सेन्ताते', जोर 'ता'वर. 'देसीमे' (मला सांग), 'आन्दाते' (निघ). 'आन्दाते' हे इरसेचं आज्ञार्थी म्हणून वापरतात, पण मुळात ते आन्दार या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. फळा_खडूंचा जोराचा नियम इथेही चालतो, फक्त जोर एक घर पुढे सरकतो.

माद्रिदवासी

आणि स्पेनमध्ये 'तुम्ही सगळे बसा' म्हणायचं तर सेन्ताद अधिक ओस, पण 'द' गळतो आणि 'सेन्ताओस' होतं. फक्त इरसे अडून बसलं होतं. व्याकरण म्हणायचं 'इदोस', पण बोलताना ते कोणीच वापरत नसे, सगळे 'इरोस' म्हणायचे. शेवटी २०१७ मध्ये रेआल आकादेमियानं (स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणारी संस्था) 'इरोस'ला मान्यता दिली. तेव्हा वर्तमानपत्रांत त्यावर बरीच खडाजंगी झाली होती. बाकीच्या क्रियापदांना मात्र ही सूट नाही, 'सेन्तारोस' अजूनही अशुद्धच धरतात. 'आपण निघूया'मध्ये 'स' गळतो: बामोस अधिक नोस, बामोनोस.

नव्यांना एक सूचना. कोर्रेर म्हणजे धावणे. त्याला 'से' लावून स्पेनमध्ये चारचौघांत बोलू नका, इथे त्याचा अश्लील अर्थ होतो.

सोलापुरी_चटणी

मघाच्या सगळ्या पोस्टी वाचल्या. शेजारच्या काकू म्हणतात तसं 'जेवतच नाही हो माझं पोर' हे स्पॅनिशमध्ये काय होईल?

माद्रिदवासी

फार सुंदर प्रश्न! इथल्या आया अगदी हेच म्हणतात: 'एल निन्यो नो मे कोमे.' मुलगा जेवत नाही, आणि मधला 'मे' म्हणजे ती आई, जिच्या जिवाला त्याचा घोर आहे. व्याकरणाला त्या 'मे'ची गरज नाही, आईला आहे. निरोप देताना 'नो ते मे बायास' म्हणतात, त्यातला 'मे'ही तोच: जाऊ नकोस रे, माझं कसं होईल.

क्रमही लक्षात ठेवा: आधी से, मग ते, मग मे, शेवटी लो-ला. 'मे से कायो' म्हणणारे भेटतात, पण ते अशुद्ध मानतात.

अनघड

आता मीच एक वाक्य टाकते, ऐकण्याच्या सरावातलं आहे. 'एल पेर्रो से मे कोमियो ला तारेआ.' कुत्रा, गृहपाठ, खाल्ला हे कळतं. से आणि मे दोन्ही कसे? वरचं सगळं वाचून मी असं लावलं: 'से' म्हणजे 'टाकला', 'मे' म्हणजे 'माझा', काकूंच्या पोरासारखा. कुत्र्यानं माझा गृहपाठ खाऊन टाकला. बरोबर?

फळा_खडू

बरोबर. आणि लेखणीबाईंचा 'टाकणे' इथे चालतो, कारण गृहपाठ ठरलेला आहे आणि तो कुत्र्याच्या आत गेला. आता तेच 'खाऊन टाकणार आहे' करून दाखवा, दोन्ही जागी सर्वनाम ठेवून.

अनघड

से मे बा आ कोमेर ला तारेआ.
बा आ कोमेरसेमे ला तारेआ.

फळा_खडू

दोन्ही अचूक. दुसऱ्यात लिहिताना 'मेर'वर रेघ द्यायला विसरू नका.